मोटर अडली की काय होतं: स्पर्धेच्या रोबोची मोटर बसवणं आणि वायर निवडणं

सांगली-साताऱ्याकडं इंजिनिअरिंगच्या पोरांना रोबोचा नाद चांगलाच आहे. वालचंद असो, इस्लामपूरचं आरआयटी असो नाहीतर कराडचं गव्हर्मेंट कॉलेज, फेस्टचे दिवस जवळ आले की रोबो रेस, रोबो सॉकर, रोबो वॉर यासाठी टीमा जमायला लागतात. आणि एक गोष्ट दरवर्षी बघायला मिळते. रोबो टेबलावर उचलून धरला की चारही चाकं झकास फिरतात, आणि तोच रोबो रिंगणात उतरवला, समोरच्याला धडकला किंवा उतारावर चढायला लागला की एक चाक डुगडुगायला लागतं, मोटर ड्रायव्हर (बॅटरीचा करंट मोटरीला सोडणारा बोर्ड) तापतो, कुठूनतरी वायर जळाल्याचा वास येतो आणि मॅच तिथंच संपते. कोड बरोबर असतो, रिमोट बरोबर असतो, मोटरसुद्धा चांगली असते. पण मोटर चेसिसला कशी धरलीय आणि तिला करंट कुठल्या वायरीतनं येतोय हे काम शेवटच्या रात्री उरकलेलं असतं.

म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, आणि सगळं एकाच गोष्टीभोवती आहे. साधी डीसी मोटर सगळ्यात जास्त जोर लावते ती अडलेली असताना, आणि सगळ्यात जास्त करंटही तेव्हाच ओढते. म्हणजे माउंटवर सगळ्यात जास्त पीळ आणि वायरीत सगळ्यात जास्त करंट हे दोन्ही एकाच क्षणी येतात. तुमचा क्लॅम्प, स्क्रू, वायर, कनेक्टर, फ्यूज हे सगळं त्या क्षणाच्या हिशोबानं निवडायचं, चाक हवेत फिरतंय त्या वेळच्या हिशोबानं नाही.

आधी मोटरचे आकडे काढा

मोटरवर नुसतं १२ व्होल्ट ३०० आरपीएम लिहिलेलं असतं. तेवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. आपल्याला पाहिजे तो स्टॉल करंट, म्हणजे शाफ्ट पूर्ण अडल्यावर मोटर किती अँपिअर ओढते ते. डेटाशीट मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तर मल्टीमीटर घ्या, २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकाला टेकवून काय दाखवतंय ते लिहून ठेवा, मग मोटरच्या दोन टर्मिनलला लावून मोजा आणि त्यातनं ते पहिलं रीडिंग वजा करा. मोटर थोडी थोडी फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, कारण ब्रश कम्युटेटरवर कुठं टेकलाय त्यावर आकडा बदलतो, आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा धरा. समजा १.६ ओहम आला, तर १२ भागिले १.६ म्हणजे स्टॉल करंट ७.५ अँपिअर. चार मोटरी असतील तर ३० अँपिअर. थ्री सेल लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुल चार्ज असताना १२.६ व्होल्ट देते त्यामुळं प्रत्यक्षात जरा वरच जातो.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. रोबो फुल स्पीडला पुढं जातोय आणि तुम्ही एकदम रिव्हर्स मारला, तर फिरणारी मोटर जो स्वतःचा उलटा व्होल्टेज तयार करत असते तो आता बॅटरीच्या विरोधात न राहता बॅटरीच्या बाजूनं जातो, आणि क्षणभर स्टॉलच्याही जवळजवळ दुप्पट करंट वाहतो. सॉकरमध्ये तर दर दोन सेकंदाला हेच चाललेलं असतं. त्यामुळं कोड लिहिणाऱ्याला सांगा की पुढं आणि मागं याच्यामध्ये थोडा रॅम्प (स्पीड हळूहळू बदलणं) किंवा निदान छोटा थांबा टाक. ड्रायव्हर वाचवायचा याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

दुसरा हिशोब चाकाच्या पकडीचा. रोबो ५ किलोचा, चार चाकं, मोटर प्रत्येक चाकाला, चाकाचा व्यास १० सेंटिमीटर, रबराची पकड ०.८ धरली तर एका चाकाला जमिनीवर जास्तीत जास्त १ किलोचा जोर लावता येतो, त्याच्या पुढं चाक घसरणार. १ किलो गुणिले ५ सेंटिमीटर त्रिज्या म्हणजे ५ किलो-सेंटिमीटर टॉर्क, म्हणजेच पीळ. आता मोटरचा स्टॉल टॉर्क १५ किलो-सेंटिमीटर असेल तर चाक आधी घसरतं, मोटर अडतच नाही, आणि करंट साधारण ३ अँपिअरच्या आसपास राहतो. हे लय कामाचं आहे. गिअर रेशो असा घ्या की ढकलाढकलीत मोटर अडण्याआधी चाक घसरावं, मग मोटर आणि ड्रायव्हर दोघंही थंड राहतात. आणि ३०० आरपीएमला १० सेंटिमीटरचं चाक लावलं तरी सेकंदाला दीड मीटरच्या वर स्पीड मिळतो, कॉलेजच्या ट्रॅकला तेवढा भरपूर झाला. पोरं १००० आरपीएमची मोटर घेतात आणि मग ती उतारावर गप्प बसते.

पण म्हणून वायर ३ अँपिअरच्या हिशोबानं घेऊ नका. चाकात दोरी अडकते, चाक दोन फळ्यांच्या मध्ये रुततं, समोरचा रोबो अंगावर चढून बसला की वजन दुप्पट होतं. तेव्हा चाक घसरायला जास्त करंट लागतो, नाहीतर ते घसरतच नाही आणि मोटर अडते.

मोटर धरायची कशी

आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणारी पद्धत म्हणजे पातळ पत्र्याचा एल क्लॅम्प, त्यात मोटरचा आटे असलेला गळा घालायचा आणि पुढनं एकच मोठा नट आवळायचा. शिकायच्या रोबोला ठीक आहे. स्पर्धेत मात्र मोटर अडली की चाकावर जेवढा पीळ येतो तेवढाच उलटा पीळ मोटरच्या अंगावर येतो, आणि त्या एका नटाला फक्त घर्षणावर तो पेलायचा असतो. दोन-तीन धडका झाल्या की मोटर जागच्या जागी फिरायला लागते आणि मागच्या वायरी तुटतात. असा क्लॅम्प वापरायचाच असेल तर मोटरच्या मागच्या बाजूला पाइपचा क्लॅम्प किंवा पत्र्याची पट्टी मारून तिला चेसिसला आवळा, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला म्हणजे घट्ट बसते.

खरी चांगली पद्धत म्हणजे गिअरबॉक्सच्या तोंडावरची भोकं वापरणं. ३७ मिलिमीटर व्यासाचा जो गिअरबॉक्स सगळीकडं मिळतो त्याच्या तोंडावर बहुतेक वेळा ३१ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर एम ३ ची सहा भोकं असतात, शाफ्ट ६ मिलिमीटरचा डी आकाराचा असतो आणि तो मधोमध नसून ७ मिलिमीटर बाजूला असतो. तरी वर्निअर लावून स्वतः मोजा, प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं निघतं. सहाच्या सहा स्क्रू लावा. १५ किलो-सेंटिमीटरची मोटर अडली की स्क्रूंच्या वर्तुळावर जवळजवळ १० किलोचा जोर येतो, तो सहा जणांनी वाटून घेतला तर काहीच नाही, दोघांवर टाकला तर एम ३ ची भोकं हळूहळू लांबट होत जातात.

स्क्रूची लांबी बघा. ही भोकं फक्त काही मिलिमीटर खोल असतात, आणि तुमचा स्क्रू पत्र्यातनं पलीकडं ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेला तर तो सरळ गिअरला टेकतो. मोटर जाम झाली, आवाज करतेय, करंट जास्त ओढतेय असं दिसलं तर पहिल्यांदा हेच तपासा. पत्रा ३ मिलिमीटरचा असेल तर ६ मिलिमीटरचा स्क्रू, वॉशर घातला तर त्याची जाडी धरून. आरएस ७७५ मोटरला पुढं एम ४ ची दोन भोकं २९ मिलिमीटर अंतरावर असतात, ५५० ला एम ३ ची २५ मिलिमीटरवर, तिथंही लांब स्क्रू आत वाइंडिंगपर्यंत पोचतो आणि मग मोटर कायमची गेली. ७७५ ला हवा खेळायला खिडक्या असतात त्या क्लॅम्पखाली झाकू नका.

शाफ्ट बाजूला असण्याचा एक फायदा आहे. मोटर त्याच सहा भोकांत एकेक भोक पुढं सरकवून बसवली की शाफ्टची उंची बदलते, म्हणजे नवीन भोकं न पाडता रोबो जमिनीपासून वर-खाली करता येतो. पण उजव्या आणि डाव्या मोटरीला शाफ्ट एकाच बाजूला, म्हणजे दोन्हीकडं खाली किंवा दोन्हीकडं वर आहे ना ते बघा, नाहीतर रोबो तीन चाकांवर उभा राहतो आणि चौथं हवेत. सरळ न जाणारा रोबो कोडमध्ये दुरुस्त करत बसणाऱ्या टीमा बघितल्यात, आणि दोष उंचीचा असतो.

पत्र्यात मधलं भोक मोटरच्या पुढच्या गोल उंचवट्याच्या मापाचं, अगदी बेताचं पाडा, १२ मिलिमीटर असेल तर १२.२. मग चाकाचा भार त्या उंचवट्यावर येतो आणि स्क्रू फक्त मोटर धरून ठेवतात. हे हातड्रिलनं जमत नाही. कुपवाड एमआयडीसीत लेसर कटिंगवाले आहेत, मिरजेकडंही आहेत, डीएक्सएफ (ड्रॉइंगची) फाइल घेऊन गेलात की ३ मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलच्या प्लेटा हातात मिळतात, आणि चार-पाच टीमांनी मिळून एका शीटमध्ये काम बसवलं तर खर्च वाटला जातो. साताऱ्याच्या पोरांना तिथल्या एमआयडीसीत चौकशी करता येईल. ते नसेल तर ॲल्युमिनियमचा ३ मिलिमीटर जाडीचा अँगल घ्या, खिडक्या करणाऱ्याकडचा पातळ सेक्शन नको, आणि अँगलच्या कोपऱ्यात एक तिरपी पट्टी मारा म्हणजे तो उघडत नाही. ॲक्रिलिक तर अजिबात नको, भोकापासून तडा जातो. थ्रीडी प्रिंट केलेला माउंट चालतो, पण पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडायला लागतं आणि उन्हाळ्यात तापलेली मोटर तिथपर्यंत सहज जाते, म्हणून पीईटीजी किंवा एबीएस, आणि मोटर व प्लॅस्टिक यांच्यात ॲल्युमिनियमची प्लेट.

आता चाक. चाकाचा हब गिअरबॉक्सपासून जितका लांब तितका शाफ्टवर आणि आतल्या बुशवर वाकवणारा भार जास्त, अंतर दुप्पट तर भार दुप्पट. कागद सरकेल एवढी फट ठेवा, १-२ मिलिमीटर, बास. रबराची रुंद चाकं घेऊन ती शाफ्टच्या टोकाला लटकवू नका. हबचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे, गोल बाजूवर आवळला तर पहिल्या रिव्हर्सला सुटतो.

रोबो १० किलोच्या पुढं गेला की चाक थेट मोटरच्या शाफ्टवर नकोच. वेगळा ॲक्सल करा, त्याला दोन बाजूला बेअरिंग, आणि मोटरपासून चेन किंवा टायमिंग बेल्टनं फिरवा. १० मिलिमीटरच्या ॲक्सलला ६००० नंबरचं बेअरिंग बसतं, बाहेरचा व्यास २६, जाडी ८, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ८ मिलिमीटरला केपी ०८ चं तयार पेडेस्टल मिळतं, लेथवाल्याकडं जायची गरज नाही. धडक बसली की ती बेअरिंग खातात, गिअरबॉक्सला काही कळत नाही. एक चूक टाळा: मोटरचा शाफ्ट तसाच पुढं नेऊन त्याच्या टोकाला अजून दोन पक्की बेअरिंग लावायची नाहीत, तीन ठिकाणी धरलेला शाफ्ट कधी एका रेषेत येत नाही आणि फिरताना अडतो. मध्ये लवचीक कपलिंग घाला नाहीतर चेनच बरी.

चेन लावली तर मोटरच्या प्लेटला लांबट खाचा ठेवा, ताण देता यावा म्हणून. चेन मधोमध दाबल्यावर दोन स्प्रॉकेटांच्या अंतराच्या साधारण २ टक्के ढिली असावी. आणि खाचेत मोटर फक्त नटांच्या घर्षणावर धरलेली असते, म्हणून मागनं एक अडसर स्क्रू द्या जो प्लेटला टेकून राहील, नाहीतर धडकेत मोटर सरकते आणि चेन उतरते.

स्क्रू ढिले होणं हा तर स्वतंत्र विषय आहे. जिथं नट लागतो तिथं नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेला नट), जिथं स्क्रू थेट मोटरच्या धातूत जातो तिथं निळं लॉकटाइट २४३, एक थेंब. प्लॅस्टिकला ते लावू नका, पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला त्यानं तडे जातात. आवळून झालं की प्रत्येक नटावरनं प्लेटपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, पाना न लावता कळतं. सांगलीहून पुण्या-मुंबईच्या स्पर्धेला गाडीतनं जाताना रस्ताभर रोबो थरथरत असतो, पोचल्यावर आधी या रेघा बघायच्या, मग बॅटरी लावायची.

वायर: दुकानात काय मागायचं

इंटरनेटवर सगळीकडं एडब्ल्यूजी गेज लिहिलेलं असतं आणि आपल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात चौरस मिलिमीटर नाहीतर जुन्या पद्धतीनं तेवीस-छत्तीस, चाळीस-छत्तीस असं मागतात, त्यामुळं गोंधळ होतो. तेवीस-छत्तीस म्हणजे ३६ नंबरच्या बारीक तारेचे २३ पदर. ३६ नंबरची तार ०.१९३ मिलिमीटरची, त्यावरनं हिशोब असा:

चौदा-छत्तीस साधारण ०.४ चौरस मिलिमीटर, तेवीस-छत्तीस ०.६७, चाळीस-छत्तीस १.१७.
एडब्ल्यूजी गेजमध्ये १८ नंबर म्हणजे ०.८२, १६ म्हणजे १.३, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३ चौरस मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की वायर बारीक होते, तीन नंबरला क्षेत्रफळ निम्मं.

तांब्याच्या वायरीचा विरोध काढायचा तर १७.५ ला चौरस मिलिमीटरनं भागा, मिळतो तो एका मीटरचा मिलिओहम. आणि करंट जातो तसा परतही येतो, म्हणून अंतर नेहमी दुप्पट धरा.

आता आपला ३० अँपिअरवाला रोबो घ्या. बॅटरीपासून ड्रायव्हर ४० सेंटिमीटर, जाऊन-येऊन ८०. चौदा-छत्तीस वापरली तर ३४ मिलिओहम, ३० अँपिअरला १ व्होल्ट वायरीतच गेला आणि ३१ वॅट उष्णता वायरीत तयार झाली. तेवीस-छत्तीसला ०.६ व्होल्ट आणि १९ वॅट. अडीच चौरस मिलिमीटरला ०.१७ व्होल्ट आणि फक्त ५ वॅट. विहिरीवरच्या पंपाला मीटरपासून लांबवर बारीक केबल टाकली की काय होतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही, मोटर हुं हुं करते, उचलत नाही आणि जळते. रोबोत तर व्होल्टेजच १२ आहे, एक व्होल्ट गेला म्हणजे आठ टक्के गेला.

माझं मत विचाराल तर ५ किलोच्या आसपासच्या रोबोला बॅटरीपासून ड्रायव्हरपर्यंत १४ गेज सिलिकॉन, ड्रायव्हरपासून प्रत्येक मोटरीला १८ गेज, आणि १५ किलोच्या वॉरच्या रोबोला बॅटरीकडं १२ किंवा त्याहून जाड. सिलिकॉन वायर महाग पडते, पण तिच्यात ०.०८ मिलिमीटरचे शेकडो पदर असतात, १४ गेजला साधारण ४००, त्यामुळं ती कितीही हलली तरी तुटत नाही, आणि तिचं आवरण २०० अंशापर्यंत टिकतं, घरच्या पीव्हीसी वायरीचं साधारण ७०. बजेट नसेल तर घरच्या वायरिंगची फ्लेक्झिबल अडीच चौरस मिलिमीटर चालते, फक्त ती कडक असते म्हणून डागापाशी (सोल्डरच्या जोडापाशी) ओढ बसू देऊ नका.

स्वस्त वायरीपासून सावध. काही वायरीत आत ॲल्युमिनियम असतं आणि वर तांब्याचा मुलामा. ब्लेडनं एक पदर खरवडून बघा, आत पांढरं निघालं तर ठेवून द्या. विरोध सुमारे दीडपट, आणि वाकवून वाकवून पटकन तुटते. कथिल लावलेली तांब्याची वायर वरनं पांढरी दिसते पण खरवडल्यावर आत लाल निघते, ती चांगली.

वायरवाला रिमोट असेल तर हे वाचाच

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेज स्पर्धांत अजून डीपीडीटी स्विचचा (मोटर पुढं-मागं फिरवणाऱ्या दुहेरी स्विचचा) वायरवाला रिमोट चालतो, आणि पोरं त्याला लॅनची केबल वापरतात, कारण आठ वायरी एकत्र मिळतात. लॅन केबलची एक वायर साधारण २४ गेज, मीटरला ८४ मिलिओहम. ५ मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर, ०.८४ ओहम. मोटरचा स्वतःचा विरोध १.६. म्हणजे अडलेल्या मोटरीला ७.५ च्या जागी ४.९ अँपिअरच मिळणार, टॉर्कचा तिसरा हिस्सा केबलमध्येच गेला. एका बाजूच्या दोन मोटरी एकाच जोडीवर टाकल्या तर प्रत्येकीला निम्माच टॉर्क. मग म्हणतात मोटर खराब दिली.

उपाय सरळ आहे, मोटरचा करंट केबलमधनं न्यायचाच नाही. रोबोवरच प्रत्येक बाजूला दोन रिले बसवा, रिमोटचा स्विच फक्त रिलेची कॉइल चालवेल. १२ व्होल्टच्या छोट्या चौकोनी रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची असते, म्हणजे ३० मिलिअँपिअर, त्याला लॅन केबल भरपूर होते. दोन्ही रिलेचे बंद असतानाचे टोक मायनसला आणि चालू झाल्यावरचे टोक प्लसला जोडा, मोटर दोघांच्या कॉमनमध्ये. दोन्ही रिले बंद असले की मोटरची दोन्ही टोकं एकत्र येतात आणि रोबो जागेवर ब्रेक लागल्यासारखा थांबतो. प्रत्येक कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू प्लसकडं. रिलेवरचा अँपिअरचा आकडा तुमच्या त्या बाजूच्या एकूण स्टॉल करंटपेक्षा कमी नसावा, दोन मोटरी मिळून १५ अँपिअर होत असतील तर १० चा रिले पुरणार नाही, प्रत्येक मोटरीला वेगळी जोडी करा. हे करायच्या आधी स्पर्धेची नियमावली वाचा, काही ठिकाणी बॅटरी रोबोवर चालत नाही, मग मात्र अडीच चौरस मिलिमीटरची केबल ओढण्याशिवाय पर्याय नाही.

ड्रायव्हर, जोड, फ्यूज

एल २९८ चा लाल बोर्ड सगळ्यांकडं असतो, पण तो एका चॅनेलला २ अँपिअरचा, आणि १ अँपिअरलाच साधारण २ व्होल्ट स्वतः खातो. वरच्या मोटरीला तो चालणार नाही. बीटीएस ७९६० वर ४३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा त्या छोट्या हीटसिंकवर सतत मिळत नाही. सायट्रॉनचा एमडीडी १०ए प्रत्येक चॅनेलला सतत १० अँपिअर देतो, एका चॅनेलवर एक ७.५ अँपिअरची मोटर आरामात, दोन टाकायच्या असतील तर वरचा चाक घसरण्याचा हिशोब करून मगच.

ड्रायव्हरच्या स्क्रूवाल्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या वायरीच्या टोकाला सोल्डर मारायचं नाही. नीटनेटकं दिसतं म्हणून सगळे मारतात. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि स्क्रू न फिरताच जोड ढिला होतो, मग तापतो. टोकाला फेरुल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवा. मोठ्या बोल्टवर जाणारी वायर असेल तर थिंबल लावून क्रिंप करा, पक्कडनं चेपून नाही, क्रिंपिंगचा पाना लॅबमध्ये नसेल तर पॅनेल बनवणाऱ्या कुणाकडनं तासाभरासाठी मागून आणा.

बॅटरीला एक्सटी ६० कनेक्टर. त्याला डाग द्यायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ६० वॅटचं पाहिजे, नाहीतर वरनं चकचकीत आणि आतनं कच्चा जोड होतो. डाग देताना जोडीचा दुसरा कनेक्टर त्यात खुपसून ठेवा म्हणजे पिना प्लॅस्टिकमध्ये हलत नाहीत. हीट श्रिंक आधी वायरीत घाला.

मोटरच्या टर्मिनलला वायर जोडल्यावर ती मोटरच्या अंगालाच झिप टायनं बांधा, जोडावर कधीही ओढ नको. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या आणि टर्मिनलवर १०४ नंबरचे सिरॅमिक कपॅसिटर लावा, एक दोन्ही टर्मिनलमध्ये आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या बॉडीला एकेक. ब्रशच्या ठिणग्यांमुळं रिसीव्हर अडखळतो, मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, ते बरंचसं यानं थांबतं. सिग्नलच्या वायरी मोटरच्या वायरींपासून लांबनं न्या. पत्र्याच्या भोकातनं वायर जात असेल तर रबरी ग्रोमेट.

फ्यूज बॅटरीच्या प्लसला, बॅटरीपासून जितका जवळ तितका चांगला. गाडीचे पात्याचे फ्यूज घ्या, ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडं होल्डरसकट मिळतात: १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूज वायर वाचवायला असतो, त्यामुळं वायरीला जेवढं झेपतं त्याच्या आतलाच फ्यूज पाहिजे. १४ गेज सिलिकॉन आणि चार मोटरींच्या आपल्या रोबोला मी २० चा लावेन. क्षणभर ३० गेले तर तो लगेच उडत नाही, पण सगळी चाकं अडकून राहिली तर बॅटरी पेटायच्या आधी उडतो. फ्यूज सारखा उडतोय म्हणून तिथं तार गुंडाळू नका. २२०० एमएएच ३० सीची लायपो कागदावर ६६ अँपिअर देऊ शकते, तिच्यासमोर चौदा-छत्तीसची वायर काही सेकंदही टिकणार नाही.

आणि मेन स्विच. घरातला छोटा रॉकर स्विच, ज्यावर ६ अँपिअर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं, तो ३० अँपिअर डीसी तोडायला बनवलेलाच नाही, आतल्या आत चिकटतो आणि रोबो बंदच होत नाही. त्यापेक्षा एक्सटी ६० ची एक जोडी घेऊन एका बाजूला वायरीचा लूप करा, तो उपटला की सगळं बंद. लूप बाहेरनं हाताला सापडेल असा ठेवा. मोठ्या स्पर्धांत लाल इमर्जन्सी स्टॉप लागतो, नियमावलीत त्याची जागा आणि व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते.

जायच्या आधी अडवून बघा

रोबो भिंतीला टेकवा, फुल जोर द्या, दोन सेकंद, जास्त नाही. त्या वेळी एकानं बॅटरीच्या टोकाला व्होल्टेज मोजायचं आणि दुसऱ्यानं ड्रायव्हरच्या इनपुटला. दोघांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर मध्ये कुठंतरी बारीक वायर किंवा कच्चा जोड आहे. बॅटरीच्याच टोकाला व्होल्टेज कोसळत असेल तर बॅटरी थकलीय. मग बॅटरी काढून प्रत्येक जोडाला, फ्यूज होल्डरला, कनेक्टरला बोट लावत जा, जो गरम लागतो तोच पहिला जाणार, तो आजच बदला. मोटर दोन्ही हातांनी धरून पिळून बघा, माउंट हलतोय का. नेलपॉलिशच्या रेघा बघा. हे पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं अशा चारही दिशांना करा, कारण वळताना बाहेरच्या मोटरीवर येणारा भार सरळ जाताना येतच नाही.

पेटीत ठेवायचं सामान: त्याच मापाचे एम ३ चे स्क्रू, नायलॉक, ॲलन की, जास्तीचे फ्यूज, आणि हबसकट डाग देऊन तयार असलेली एक मोटर, जिच्या वायरीला कनेक्टर आधीच लावलेला आहे, म्हणजे दोन मॅचच्या मधल्या वेळात सहा स्क्रू काढले की काम झालं.